विश्वासाची ठेव

समाजशास्त्राचा विद्यार्थी प्रश्नावली आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन एखाद्याच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या हाती कोणतीही सत्ता नसते. जनगणनेच्या प्रगणकाला उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. या विद्यार्थ्याला उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नाही. तरीही माणसे त्याला घरात घेतात, चहा पाजतात आणि सावकाराचे देणे, नवऱ्याची मारहाण, लपविलेले दुखणे अशा ज्या गोष्टी सख्ख्या भावापाशीही बोलली नसती, त्या त्याच्यापाशी बोलतात. कशाच्या भरवशावर? 'तुमचे नाव कोठेही येणार नाही' या एका वाक्याच्या. हे वाक्य उच्चारणे फार सोपे आहे. ते निभावणे तितके सोपे नाही. जे वचन पाळण्याची तजवीज आधी केलेली नाही, ते देण्याचा संशोधकाला अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशा वचनाचे काय होऊ शकते, याचा दाखला अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने जगासमोर ठेवला आहे. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात भाग घेतलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या मुलाखती या संस्थेसाठी २००१ ते २००६ या काळात ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. आपण हयात असेपर्यंत आपल्या संमतीवाचून हे बोलणे बाहेर पडणार नाही, अशी बोलणाऱ्यांची समजूत करून देण्यात आली होती. प्रकल्पाच्या संचालकाशी झालेल्या करारात 'अमेरिकन कायदा परवानगी देईल तेथवर' अशी मर्यादा नमूद होती. मुलाखत देणाऱ्यांच्या हाती जो कागद पडला, त्यात मात्र ती नव्हती. २०११ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून ही ध्वनिमुद्रिते हजर करण्याचे हुकूम निघाले आणि न्यायालयीन झगड्यानंतर २०१३ मध्ये त्यांतील काही पोलिसांच्या हाती गेली. १९७२ मधील जीन मॅकॉनव्हिल या स्त्रीच्या हत्येच्या तपासात २०१४ मध्ये गेरी ॲडम्स यांना अटक झाली व आरोप न ठेवता त्यांना सोडण्यात आले. पुढे २०१९ मध्ये याच प्रकरणातील दुसऱ्या एका खटल्यात बेलफास्टच्या न्यायालयाने ही ध्वनिमुद्रिते पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यास नकार दिला. म्हणजे गुप्तता तर गेलीच. न्यायही पदरात पडला नाही.

खुनाचा तपास संशोधनाच्या नावाखाली अडवावा काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. दहा मुलांच्या आईची हत्या झालेली असताना तिच्या कुटुंबाच्या न्यायाच्या मागणीपुढे विद्यापीठाच्या कपाटाची किल्ली मोठी मानावी, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु म्हणूनच मर्यादा आधी सांगितली पाहिजे. ती ऐकून कोणी बोलण्याचे नाकारले, तर संशोधनाचे एक पान कोरे राहील. ती दडवून बोलते केले, तर तो विश्वासघात होय.

आपल्याकडील स्थिती याहून निर्धास्त आहे, अशा भ्रमात कोणी राहू नये. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाने प्रगणकाच्या नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत आणि त्या कायद्याखालील खटला वगळता न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाहीत. वकील व अशील यांच्यातील बोलण्यासही कायद्याचे कवच आहे. संशोधक आणि त्याला माहिती देणारा यांच्या बोलण्याला असे कवच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमाखाली मागणी झाली, तर आपले टिपण वा ध्वनिमुद्रण तो कशाच्या बळावर राखून ठेवणार?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्याच कायद्याने संशोधनाला सूटही दिली आहे: माहितीच्या आधारे त्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घ्यावयाचा नाही आणि ठरवून दिलेले दंडक पाळावयाचे, या अटींवर. सुटीमागील हेतू चांगला आहे. दर पावलाला परवान्याची अट घातली, तर अभ्यासच खुंटेल. मात्र सूट म्हणजे मोकाट रान नव्हे. जेथे कायदा हात आखडता घेतो, तेथे संस्थेची जबाबदारी वाढते.

नुसते नाव खोडले म्हणजे काम झाले, ही समजूतही टाकून दिली पाहिजे. विडिच आणि बेन्समन या अभ्यासकांनी न्यूयॉर्क राज्यातील एका लहान गावाविषयीचा ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. गावाचे व माणसांचे नाव बदललेले होते, तरी गावकऱ्यांनी एकमेकांना तत्काळ ओळखले. स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ते ग्रंथातील टोपणनावे लावून मिरवले आणि शेवटी शेणखताच्या गाडीवर ग्रंथकाराचा पुतळा निघाला. आपल्या खेड्यात तर पाटी वाचण्याचीही गरज नसते. 'तालुक्याच्या गावाजवळच्या वाडीतील अमुक जातीची विधवा, माजी सरपंच' एवढे छापले, की पुण्यामुंबईच्या वाचकाला काही कळणार नाही; पण जिच्या दिराविषयी ती बोलली, त्या घरात सायंकाळपर्यंत बातमी पोहोचेल. सोसावे लागेल ते तिला, प्रबंध लिहिणाऱ्याला नव्हे.

महाराष्ट्राला सामाजिक पाहणीची परंपरा जुनी आहे. डॉ. हॅरल्ड मॅन यांचा पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या खेड्याचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये निघाली. अशा अभ्यासांवाचून शेतकऱ्याचे कर्ज व कामगाराचे हाल सरकारदरबारी कळले नसते. ही परंपरा टिकावी म्हणूनच आम्ही हे लिहीत आहो. एकदा फसलेले गाव दुसऱ्या अभ्यासकाला दार उघडत नाही.

उपाय अवघड नाहीत. अभ्यासाला लागेल तेवढेच विचारावे. नावांची यादी मुलाखतींपासून वेगळी, कुलपात ठेवावी व काम संपताच नष्ट करावी. ध्वनिमुद्रण विद्यार्थ्याच्या खाजगी मोबाइलवर पडून राहू नये, व्हॉट्सॲपवरून फिरू नये; ते ऐकून उतरवून काढणाऱ्यालाही हेच बंधन असावे. संमतिपत्र सांगणाऱ्याच्या बोलीत वाचून दाखवावे आणि 'न्यायालयाने मागितल्यास आमचा इलाज चालणार नाही' हे त्यात स्वच्छ सांगावे. छापण्यापूर्वी गावकरी ते कसे वाचतील, याचा विचार मार्गदर्शक प्राध्यापकाने करावा. आणि सरकारने, गंभीर गुन्ह्यांचा अपवाद ठेवून, जनगणनेच्या नोंदींना आहे तसे संरक्षण मान्यताप्राप्त संशोधनाला द्यावे.

सांगणाऱ्याने आपले दुःख संशोधकाला दान दिलेले नसते. ते त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवलेले असते. पेढीवाला ठेव बुडवतो, तेव्हा त्याला आपण दिवाळखोर म्हणतो. विद्यापीठांनी आपल्यावर ते नाव ओढवून घेऊ नये.