मशीन नको, माणूस पाठवा

आज जरा भांडायचं आहे.

लकव्याने हात गेला की आमच्या ढाणकीत दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, कबुतराचं रक्त चोळा. त्यावर काय बोलणार? दुसरा शिकलेल्या नातेवाईकांचा: "शहरात रोबोट आलाय, तिकडे न्या." माझं भांडण या दुसऱ्याशी आहे.

रोबोट वाईट नाही. हात धरून तीच हालचाल शेकडो वेळा करून घेतो, आणि मेंदूला पुन्हा शिकवायला तेवढा घोकंपट्टीचा सराव लागतोच. पण ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर 'एमआयटी-मॅनस' या यंत्राची परीक्षा झाली. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा यंत्रवाल्यांचा हात जास्त कामाचा झाला नव्हता. तिथे आठवड्याला तीन दिवस, बारा आठवडे सराव होता. ढाणकीहून नांदेडला तेवढ्या खेपा करा, सोबतच्या माणसाची मजुरी बुडवा, आणि मिळवा काय?

उलट २००६ साली अमेरिकेतल्या २२२ रुग्णांच्या अभ्यासातलं मुख्य साधन काय होतं? एक मोजा, तोही चांगल्या हातावर! दोन आठवडे तो हात बांधलेला आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन्‌तास काम. फायदा वर्षभरानंतरही टिकला. अर्थात त्यांची बोटं आणि मनगट थोडं तरी हलत होतं. कुणाला काय झेपेल हे जाणकारानेच ठरवायचं.

आमच्या मामांना कुणीतरी रबरी चेंडू दाबायला दिला. मूठ आधीच आवळलेली! बोंडातून कापूस वेचायला बोटं आधी उघडावी लागतात, हे जन्मभर वेचणी केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण ती उघडायची कशी, हे दाखवणारं जवळपास कुणी नव्हतं.

"मग घरच्यांनीच व्यायाम घ्यावा," असं कुणी म्हणेल. तेही तपासून झालंय. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या घरच्यांना शिकवून पाठवलं. २०१७ चा निकाल: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व कमी झालं नाही. तेव्हा सगळा भार सुनांच्या आणि मुलींच्या अंगावर टाकून मोकळं होऊ नका.

मागणी साधी आहे. गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट बसवा. वाटी, हरभरे, कपड्याचे चिमटे आणि मोजा आमच्या घरात आहेत. फीत कापायला मशीन बरं दिसतं, पण हात शिकवतो तो माणूसच.