पाठवील संगणक, पण ऐकणार कोण?

दोस्तांनो, हॅम रेडिओबद्दल या सदरात लिहिल्यापासून तुमची पत्रं येताहेत. त्यातल्या आठवीतल्या एका मैत्रिणीचा प्रश्न मोठा रोखठोक आहे. ती विचारते, "संगणकावर टाइप केलं की मोर्स आपोआप जातो. समोरून आलेला मोर्स पडद्यावर अक्षरांत उमटतो. मग मी डॉट-डॅश शिकत कशाला बसू? शाळेचा अभ्यास काय कमी आहे?"

प्रश्न रास्त आहे. 2003 साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेनं हौशी रेडिओवाल्यांवरची मोर्सची सक्ती उठवली आणि काय ते ज्या त्या देशावर सोपवलं. मोठ्या जहाजांवरचा मोर्स 1999 पर्यंत गेला. आपल्याकडची तार 2013 च्या जुलैत बंद झाली. तेव्हा "नियम आहे म्हणून शीक" एवढं सांगून मला सुटता यायचं नाही.

आधी हे यंत्र करतं काय, ते पाहू. साधी मोर्स-की म्हणजे एक खटका. दाबला की रेडिओतून लहर जाते, सोडला की थांबते. बस्स! सगळी करामत किती वेळ दाबायचा यात आहे. शाळेत वृत्तं शिकताना लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, असं आपण मोजतो ना? इथं डॉटची एक मात्रा आणि डॅशच्या तीन. आणि गंमत म्हणजे न वाजलेल्या जागाही मोजायच्या. एका अक्षराच्या आत दोन खुणांमध्ये एक मात्रा गप्प, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. ही गप्प बसण्याची मात्राच नवशिक्यांची फार चुकते, बरं का!

खटक्याच्या पुढची पायरी म्हणजे पॅडल. दोन पट्ट्या, एक अंगठ्याजवळ, एक तर्जनीजवळ. एक दाबली की डॉट, दुसरी दाबली की डॅश. ते अचूक लांबीचे बनवून देतो मधला छोटा डबा. त्याला म्हणतात कीयर. दोन्ही पट्ट्या एकदम चिमटीत धरल्या तर डॅश-डॉट-डॅश-डॉट अशी आलटून पालटून रांग लागते. इंग्रजी 'सी' हे अक्षर असंच आहे, डा-डि-डा-डि. एका चिमटीत अख्खं अक्षर!

आता संगणक. पूर्वी लोक त्याच्या मागच्या सीरियल पोर्टच्या एका तारेला एक ट्रान्झिस्टर जोडत आणि त्यालाच खटका बनवत. प्रोग्राम ती तार चालू-बंद करी, की मोर्स जाई. स्वस्त आणि मस्त. पण यात एक गोम होती. संगणक एकाच वेळी दहा कामं करतो. पडदा रंगव, माऊस सांभाळ, डिस्क वाच, आणि मधल्या वेळात मोर्स वाजव. मिनिटाला 25 शब्दांचा वेग धरला तर एक डॉट असतो फक्त 48 मिलिसेकंदांचा. संगणक दुसरीकडे 15-20 मिलिसेकंद रेंगाळला तरी डॉटची लांबी तिसऱ्या हिश्श्यानं बिघडते आणि मोर्स लंगडू लागतो. तबलजीनं ठेका देता देता फोनवर बोलावं, तसं!

उपाय सोपा आणि हुशारीचा निघाला. कीयरच्या डब्यात एक छोटी मायक्रोकंट्रोलर चिप बसवली, जिला दुसरं काहीच काम नाही. संगणक तिला यूएसबीच्या तारेतून नुसती अक्षरं देतो. ती अक्षरं चिप जमवून ठेवते आणि मात्रा मोजून शांतपणे रेडिओकडे वाजवते. मला या डब्यातली सर्वांत आवडती गोष्ट निराळीच आहे. त्यालाच पॅडलही जोडता येतं. संगणक धडाधड वाजवत असताना तुम्ही पॅडलला नुसतं बोट लावलंत, की तो गप्प होतो आणि सूत्रं तुमच्या हातात येतात.

(जोडणी करणाऱ्यांसाठी एक सूचना. संगणक सुरू होताना सीरियल पोर्टच्या तारा क्षणभर हलतात, आणि तुमच्या नकळत रेडिओ बोलू लागतो. म्हणून आधी संगणक सुरू करा, मग रेडिओ. आणि परवाना नसेल तर रेडिओवरून एक डॉटसुद्धा पाठवायचा नाही! आपल्याकडे 12 वर्षं पूर्ण झालेली मुलंही परवान्याच्या परीक्षेला बसू शकतात.)

या डब्याचे फायदे मी नाकारत नाही. स्पर्धेत दोन दिवस एकच वाक्य हजारदा पाठवायचं तर मनगट मोडून जाईल. तिथं गुणांकनाचीही गंमत बघा. आवाज कसा ऐकू आला ते सांगणारा आकडा 599, म्हणजे पैकीच्या पैकी. पण 9 म्हणजे डा-डा-डा-डा-डि, पुऱ्या 17 मात्रा! म्हणून त्याऐवजी 'एन' पाठवतात, डा-डि, फक्त 5 मात्रा. आवाज चांगला असो की वाईट, स्पर्धेत सगळे सगळ्यांना 599 देतात. अशा परीक्षा आपल्या शाळेत का नसतात, असं तुम्ही विचाराल!

आणि ज्यांच्या हाताची बोटं ऐकत नाहीत त्यांना तर मोर्स आणि संगणक ही जोडी वरदानच आहे. अमेरिकेतल्या तानिया फिनलेसन यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्या डोक्याजवळच्या खटक्यांनी मोर्स वाजवतात आणि संगणक त्याचं बोलणं करतो. 2018 मध्ये गूगलनं मोबाइलच्या कीबोर्डवर मोर्स आणला, त्या कामात त्याही होत्या.

मग शिकायचं कशाला? आता खरी मेख सांगतो. पाठवताना वेग तुम्ही ठरवता, पण ऐकताना तो समोरचा ठरवतो. संगणकाकडून तुम्ही 25 च्या वेगानं हाक मारलीत, की ऐकणारा समजतो, वा, उस्ताद दिसतोय! आणि उत्तरही 25 नंच येतं. आता तुम्ही पडद्याकडे बघता. आवाज खणखणीत असेल तर अक्षरं उमटतात. पण दूरचं केंद्र असेल, आवाज खालीवर होत असेल, शेजारी दुसरा कुणी वाजवत असेल, किंवा समोरच्या म्हाताऱ्या आजोबांचा हात जरा थरथरत असेल, तर पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा! आणि नेमकी अशीच केंद्रं ऐकायला गंमत असते. सरावलेला कान त्या गर्दीतूनही हवा तो स्वर वेगळा काढतो.

म्हणून माझ्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. पाठवायला संगणक खुशाल वापर. पण जेवढं तुझ्या कानांना कळतं, त्याच वेगावर डब्याचं बटण ठेव. समोरचा फारच पळत असेल तर 'क्यूआरएस' असं पाठव. म्हणजे "जरा सावकाश". चांगले हॅम लगेच वेग कमी करतात. याला कुणी हसत नाही.

कान तयार करायला डॉट-डॅशचे तक्ते भिंतीवर लावू नका. डोळ्यांनी पाठ केलं की प्रत्येक अक्षराला मनात मोजणी सुरू होते, आणि तोवर पुढची दोन अक्षरं निघून जातात. 1930 च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञानं सुचवलेली रीत बरी. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगात ऐकायचं, पण दोनच अक्षरं. शंभरातली नव्वद बरोबर आली की तिसरं घ्यायचं. आज बरीच सरावाची सॉफ्टवेअर 'के' आणि 'एम' नं सुरुवात करतात, डा-डि-डा आणि डा-डा. रोज 15 मिनिटं पुरेत. आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांची नावं 'व्हीयू' नं सुरू होतात. डि-डि-डि-डा, डि-डि-डा. हा ठेका एकदा कानात बसला की गोंगाटातूनही भारतीय माणूस ओळखू येतो.

आता तुमच्यासाठी एक कोडं. मोर्समध्ये प्रत्येक अंकाच्या पाचच खुणा असतात. 1 म्हणजे डि-डा-डा-डा-डा. 2 म्हणजे डि-डि-डा-डा-डा. 5 म्हणजे पाचही डि. 6 म्हणजे डा-डि-डि-डि-डि, आणि 9 मघाशी आलाच आहे. मधले अंक तुम्ही जुळवा. हॅम लोक निरोप घेताना "शुभेच्छा" म्हणण्याऐवजी एक दोन अंकी संख्या पाठवतात. कोणती, ते पोस्टकार्डावर कळवा.

डा-डा-डि-डि-डि, डि-डि-डि-डा-डा!