विश्लेषण : पीडीएफवर तिरका शिक्का मारला की कागद सुरक्षित होतो का?

भाड्याच्या घरासाठी एजंटाला आधार, कर्जासाठी पॅन, नोकरीसाठी गुणपत्रिका. आपली कागदपत्रे पीडीएफच्या रूपात कुणाकुणाच्या मोबाइलवर जाऊन पडतात. म्हणून त्यांवर ‘फक्त भाडेकरारासाठी’ असा तिरका शिक्का मारला जातो. पायथनच्या १०-१५ ओळी लिहिल्या की असा शिक्का शेकडो फायलींवर एकदम उमटतो. सवय चांगली आहे. पण शिक्क्यात काय लिहायचे आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, यात गल्लत होते.

तिरकाच का? आडवा शिक्का दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्टीत बसला तर सहज कापता येतो. तिरका शिक्का अनेक ओळी ओलांडून जातो.

पीडीएफच्या दृष्टीने पान म्हणजे आलेखाचा कागद. एका इंचात ७२ बिंदू, म्हणजे ए-४ पान साधारण ५९५ बाय ८४२ बिंदूंचे. मोजणी सहसा खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते. ‘४५ अंशांत फिरव’ असे सांगितले की मजकूर स्वतःभोवती नाही, तर त्या कोपऱ्याभोवती फिरतो आणि अनेकदा पानाबाहेर जातो. म्हणून आधी आरंभबिंदू पानाच्या मध्यावर न्यायचा, मग फिरवायचे, मग लिहायचे. शिक्का कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हवा असेल तर उभ्या ए-४ पानाला ४५ नव्हे, सुमारे ५५ अंश लागतात. स्कॅन केलेल्या पानांची खोडी वेगळीच. ‘हे पान ९० अंश फिरवून दाखव’ अशी नोंद फाइलमध्ये दडलेली असते. पान सरळ दिसते, शिक्का मात्र भलतीकडे वळतो.

मराठी शिक्क्याची तर आणखी तऱ्हा. अनेक साध्या लायब्ररींना जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. ‘फक्त माहितीसाठी’ लिहायला गेलो तर ‘क्त’ सुटा पडतो आणि ‘हि’ची वेलांटी ‘ह’च्या पुढे जाऊन बसते. शेकडो फायली छापण्याआधी एक उघडून बघावी.

आता खरा मुद्दा. कोडने मारलेला शिक्का हा मूळ मजकुरावर ठेवलेला वेगळा थर असतो. जो कोड तो ठेवतो, तसाच दुसरा कोड तो उचलूही शकतो. पानाचे चित्र करून नवी पीडीएफ बनवली तर काम अवघड होते, अशक्य नाही. शिवाय फाइल जड होते आणि मजकूर शोधता येत नाही. तेव्हा ‘गोपनीय’ असा मोघम शिक्का माझ्या मते जवळपास निरुपयोगी. त्याऐवजी कुणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिले, हे लिहावे. शिक्का न काढता प्रत पुढे गेली, तर ती कुणाकडून फुटली एवढे तरी कळेल. प्रत्येक फाइलवर वेगळे नाव टाकणे हाताने कंटाळवाणे आहे, कोडला मात्र क्षणाचे काम. आणि आधारचे शेवटचे ४ अंकच पुरत असतील, तर पूर्ण क्रमांकावर शिक्का मारण्यापेक्षा मास्क्ड आधारच द्यावे.

डिजिटल सहीच्या फायलींना मात्र हा प्रयोग लावू नये. १५ रुपये भरून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शाबीत ठरतो तो सहीमुळे. शिक्का मारताना बहुतेक कोड फाइल नव्याने लिहितात आणि ती सही मोडते. मग ती पीडीएफ तपासणीत बाद ठरते. अशी मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये तशीच ठेवावी, कार्यालयाला तीच द्यावी आणि शिक्क्याची प्रत एजंटासाठी निराळी काढावी.