खोलीच्या किल्लीबरोबर येणारी जबाबदारी



पर्यटनात होणाऱ्या मुलांच्या शोषणाची बातमी आली की कडक कायद्याची मागणी होते. परंतु गोव्यात असा कायदा २००३ पासूनच आहे. त्याला पार्श्वभूमी होती मडगावच्या फ्रेडी पिट्स प्रकरणाची. निराधार मुलांचा आश्रयदाता म्हणून मान मिळवलेला हा इसम त्याच मुलांना परदेशी पर्यटकांच्या हवाली करीत होता. १९९१ मध्ये तो पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

या गोवा बाल कायद्यानुसार राहण्याची सोय पुरवणाऱ्या कोणत्याही जागेत, कुटुंबीय किंवा रक्ताच्या नातेवाइकांसोबत नोंद झालेली नसल्यास मुलाला खोलीत प्रवेश देता येत नाही. म्हणजेच हॉटेलाइतकेच हे बंधन पेडणे तालुक्यातील हरमल, मोरजी, मांद्रे येथे घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकावरही आहे, याची जाणीव मात्र फारशी दिसत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यापासून पेडण्याचा किनारा पर्यटकांना अधिकच जवळचा झाला असून, आरक्षण मोबाइलवर होते, किल्ली दाराशेजारच्या पेटीत ठेवलेली असते आणि पाहुण्याचे तोंड न पाहताच मालकाला भाडे मिळते. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते. देशी पाहुण्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतली की काम भागते, आणि सोबतचे मूल त्याचे कोण, हे बहुधा विचारलेच जात नाही. शोषण करणारा परदेशीच असणार, हा पिट्स प्रकरणाने रुजवलेला समज त्यामुळे अधिकच घातक ठरतो.

सोबतच्या मुलाचे नाते विचारून नोंदवणे सक्तीचे केल्यास छोट्या घरमालकांच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप टिकणारा नाही, कारण पाहुण्यांच्या नोंदवहीत नात्याचा एक रकाना वाढवायला पैसा लागत नाही आणि खऱ्या आईवडिलांना नाते सांगण्यात अडचण नसते. निवासव्यवस्थांची नोंदणी १९८२ च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे होते. तिचे नूतनीकरण करताना हा रकाना भरलेली वही दाखवणे सक्तीचे करावे, आणि विनानोंदणी खोल्यांची यादी पंचायतींनी दरवर्षी पर्यटन हंगामाआधीच खात्याला द्यावी.

— एक वाचक, म्हापसा