वेदनाशमन की नवी इजा?

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जतन केलेल्या आहेत. रुग्णाचा विकार, त्यावरील उपचार आणि डोळ्यांची चित्रे त्यांत आढळतात. १७९९ नंतर सरफोजींची सत्ता किल्ल्यापुरतीच उरली होती. सरंजामी राज्यकर्त्यांचे गोडवे गाण्याचे आम्हास कारण नाही. परंतु कोणाला कोणता उपचार दिला हे लिहून ठेवण्याची शिस्त तेथे होती, हे मान्य केलेच पाहिजे.

आज त्याच तंजावरात, १९५९ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कावेरी खोऱ्यातील कष्टकरी उपचारांसाठी येतात. देशभरच्या अशा रुग्णालयांत वेदनाशामक औषधे हे वरदान आहे. पण देखरेखीवाचून तेच घातक ठरते. मॉर्फिनची मात्रा अधिक झाली की रुग्णाला प्रथम गुंगी येते, मग श्वास मंदावतो. वेळीच ध्यानात आले, तर नालॉक्झोन देऊन त्याला वाचविता येते. डायक्लोफिनॅकने दुबळी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल दोन निरनिराळ्या व्यापारी नावांनी दिले गेले, तर यकृतावर घाला पडतो.

अशा वेळी दोष एकट्या परिचारिकेच्या माथी मारला जातो. परंतु एकीच्या अंगावर अनेक रुग्णांचा भार टाकल्यावर प्रत्येकाचा श्वास तिने मोजावा कसा? नावांचा गोंधळ तरी कोणी माजविला? औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करा, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ मध्येच केली होती. नफ्यापुढे ती बासनात गेली. डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफिन हे वेदनाशामक मागे घेण्याचा निर्णय ब्रिटनने २००५ मध्ये घेतला. आपल्या सरकारला बंदीसाठी २०१३ साल उजाडावे लागले.

दुसरी बाजूही तितकीच दारुण आहे. भारत सरकारी परवान्याने अफू पिकवितो. पण १९८५ च्या कायद्यातील जाचक अटींमुळे कर्करोगाचे असंख्य रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली. तरी कायदा म्हणजे औषध नव्हे, ते खाटेपर्यंत पोहोचले पाहिजे.

म्हणून पुरेशा परिचारिकांची भरती, मूळ नावानेच औषधलेखन, प्रत्येक मात्रेची व श्वसनाची नोंद आणि चूक कळविणाऱ्या कर्मचाऱ्यास संरक्षण, या मागण्या रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व पक्षसभासदांनी ऐरणीवर आणल्या पाहिजेत. श्रमिकाला वेदनेतून मुक्ती हवी. तिची किंमत त्याचे प्राण असता कामा नये.