उतारा आणि दप्तर

जमिनीचा उतारा काढून आणलेल्या शेतकऱ्याला आपण गावचे सगळे दप्तर वाचून आलो असे कधी वाटत नाही. आपल्या सर्व्हे नंबरापुरत्या चार ओळी हाती आल्या, बाकीचे दप्तर कपाटात आहे, हे तो पुरते जाणून असतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र हे भान राहिलेले नाही, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी आपल्या वार्षिक अंकाचे काम प्रथमच संगणकावरील कार्यनियोजनाच्या एका सॉफ्टवेअरवर घेतले. त्याआधी जाड पुठ्ठ्याचे एक रजिस्टर असे आणि ते नेहमी दुसऱ्याच कुणाकडे असे. नव्या व्यवस्थेत प्रत्येक लेखाला एक कार्ड मिळाले. लेखकाचे नाव, वर्ग, भाषा, तपासायला कुणाकडे दिला, मुद्रिते आली की नाही, असे त्यावर रकाने. आम्ही मराठी विभागवाल्यांनी ‘भाषा मराठी’ एवढीच कार्डे दिसावीत अशी चाळणी लावून आपला ‘व्ह्यू’ तयार केला, कन्नड विभागाने त्यांचा केला. या व्ह्यूलाच मी उतारा म्हणतो आहे. शब्द चपखल आहे, फक्त फरक इतकाच की जमिनीचा उतारा कागदावर आला की तिथेच थांबतो, आणि हा उतारा मूळ दप्तर बदलेल तसा आपोआप बदलत राहतो.

ही कल्पना काही आजची नव्हे. माहिती एकदाच साठवावी आणि ज्याला जशी हवी तशी त्याने मागून घ्यावी, या विचाराचा पाया एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाच्या 1970 सालच्या निबंधात आहे. व्ह्यू म्हणजे साठवलेली माहिती नसतेच, तो जपून ठेवलेला एक प्रश्न असतो. ‘माझ्याकडे काय बाकी आहे?’ हा एक प्रश्न, ‘या आठवड्यात काय संपायला हवे?’ हा दुसरा. तीच कार्डे यादीत दिसतात, तीच ट्रेलोसारख्या फलकावर स्तंभांत लागतात, तीच कॅलेंडरवर बसतात आणि तीच गँटच्या तक्त्यात आडव्या पट्ट्या होऊन पसरतात. हेन्री गँट हा अमेरिकन अभियंता 1919 साली वारला. त्याच्याही आधी, 1896 मध्ये, पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीने असाच तक्ता आखला होता. त्या दोघांचे तक्ते कागदावरचे. कागदाचा एक गुण आपण विसरलो: फोरमनने पाहिला काय आणि मालकाने पाहिला काय, तक्ता तोच दिसे. कुणाचे काम मागे पडले हे सर्वांदेखत उघडे असे.

आमच्याकडे काय झाले ते आता सांगतो. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या आईवर लेख दिला होता. आई भाजी विकते. घरात ती मराठी बोलते, बाजारात कन्नड बोलते आणि रागावली म्हणजे दोन्ही. लेखातले निवेदन मराठी होते, बाजारातले संवाद कन्नड होते आणि कन्नड लिपीतच लिहिले होते. ‘भाषा’ या रकान्यात मराठी किंवा कन्नड यांपैकी एकच निवडायची सोय होती. मुलगा प्रामाणिक, त्याने रकाना रिकामा सोडला. झाले! आमच्या उताऱ्यात तो लेख आला नाही, त्यांच्याही आला नाही. तीन महिने ते कार्ड दप्तरात होते, कुणी पुसले नव्हते, कुणी नाकारले नव्हते. अंक छापून आल्यावर तो मुलगा अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत उभा राहिला, तेव्हा कुठे आम्हाला जाग आली.

“मला वाटलं, तुमच्या यादीत आहे की तो,” कन्नड विभागाची संपादिका म्हणाली.

“आणि मला वाटलं, तुमच्या,” मी म्हणालो.

(यात मला कोणताही जुना वाद ओढून आणायचा नाही. दोन्ही विभाग एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बसतात आणि चहाही एकाच किटलीतला पितात.)

कुणी म्हणेल, चूक यंत्राची नाही, रकाना न भरणाऱ्याची आहे. मला हे पटत नाही. रिकामा रकाना ही या सर्व व्यवस्थांची जुनी दुखरी नस आहे. जिरा हे 2002 सालापासूनचे प्रसिद्ध सॉफ्टवेअर. त्यात ‘अमुक नसलेले’ सगळे मागितले तरी ज्या कामाचा तो रकानाच रिकामा आहे ते हाती येत नाही, रिकामे असलेले वेगळे मागावे लागते. म्हणजे ‘मराठीतले दाखव’ म्हटले तरी तो लेख नाही, ‘मराठीत नसलेले दाखव’ म्हटले तरी नाही! तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर एखादा तास अवश्य घ्यावा. तेव्हा रकाना आखणाऱ्याने ‘दोन्ही’ हा पर्याय ठेवायला हवा होता, आणि रकाने आखणारा मीच होतो.

माझा दुसरा अपराधही कबूल करून टाकतो. आमचा मराठी उतारा सामाईक होता. एके रात्री मला फक्त माझ्याकडचे लेख पाहायचे होते म्हणून मी त्यावरच आणखी एक चाळणी चढवली आणि काढायला विसरलो. दोन दिवस सगळा विभाग समजत होता की आता सातच लेख तपासायचे राहिले. एअरटेबलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांचा, स्वतःपुरता आणि कुलूपबंद असे व्ह्यूचे तीन प्रकार ठेवलेले असतात, ते का, हे मला त्या दोन दिवसांनी शिकवले. स्वतःच्या सोयीसाठी हवे तितके उतारे काढावेत, त्याला माझी ना नाही. ज्याच्यापुढे चाळीस कार्डे आहेत त्याला आपली पाचच दिसली तर काम हलके होते, हे मी अनुभवले आहे. पण जो सर्वांचा, त्याला सर्वांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

याहून मनाला लागलेली गोष्ट निराळीच आहे. ‘वरिष्ठांसाठी’ म्हणून आम्ही एक उतारा खास बनवला होता. त्यात फक्त पूर्ण झालेले लेख येत, तेही हिरव्या रंगात. तो सरांना पाठवला, सरांनी पुढे पाठवला, शाबासकी मिळाली. त्यात एकही अक्षर खोटे नव्हते. सापडलो असतो तर तेवढेच म्हणून सुटलोही असतो. पण अडलेले लेख किती, कुणामुळे अडले, कन्नड विभागाला मुद्रितशोधक मिळाला नव्हता तो का, हे वर कुणाला दिसलेच नाही, आणि दिसले नाही म्हणून मदतही आली नाही. हिशेबात असे केले तर त्याला आपण लबाडी म्हणतो, संगणकावर केले की ‘सादरीकरण’ म्हणतो. उतारा दुसऱ्याला देताना त्यात काय वगळले आहे हे त्याच्या नावातच लिहावे, असे मी आता मानतो. ‘वरिष्ठांसाठी’ असे नाव नको, ‘फक्त पूर्ण झालेले’ असे हवे.

यंदा व्यवस्था थोडी बदलली आहे. ‘भाषा’ रकान्यात दोन्ही निवडता येतात. एक उतारा कोणतीही चाळणी नसलेला ठेवला आहे, त्याचे नाव ‘सगळे’. तो लांबलचक आहे, गबाळा आहे आणि दर शनिवारी दोन्ही विभागांनी मिळून तो वरपासून खालपर्यंत वाचायचा असे ठरले आहे. कंटाळा येतो. मागच्या शनिवारी तर दोघे उठून गेले.

त्या मुलाला मी परवा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठले आणि तो लेख यंदा द्यायला सांगितले. तो म्हणाला, “वही घरी आहे, सर. बघतो.” मी सर नाही, त्याच्यापेक्षा दोनच वर्षांनी पुढे आहे, हे त्याला सांगायचे राहून गेले. हे लिहीपर्यंत ‘सगळे’ मध्ये त्याचे कार्ड आलेले नाही.