परदेशी शिक्षण ही हौस नव्हे

‘परदेशी पदव्युत्तर शिक्षण म्हणजे श्रीमंतांची हौस’ हे पत्र वाचले. ते मला मुळीच मान्य नाही. माझी आई सोलापुरात विड्या वळते. मी लंडनमध्ये एक वर्षाचे मास्टर्स केले. तिथे सत्र चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. त्यातून जेमतेम खोलीभाडे निघते. घरून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरवून पुरवून खाल्ली. पण सर्वांत अवघड गेला तो अभ्यास. पाठांतराची सवय मोडून, प्राध्यापकांचेच मत पुराव्यानिशी खोडणारा निबंध लिहायला शिकावे लागले. तेच सर्वांत मोलाचे ठरले.

पत्रलेखक म्हणतात, डॉ. आंबेडकरांचा काळ वेगळा होता. १९१३ मध्ये बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतले. प्राध्यापकी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. गुणवत्ता असून पैशाने अडणे आजही चुकलेले नाही. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी वर्षाला जागा ७५, त्याही साऱ्या महाराष्ट्राला मिळून!

सोलापूरच्या महाविद्यालयांनी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच या शिष्यवृत्तीची माहिती द्यावी आणि अर्ज भरायला मदत करावी, ही कळकळीची विनंती.

– एक माजी विद्यार्थिनी, सोलापूर